गुलाबाला काळे ठिपके, शेवंतीची पानं खालून वाळतायत, कोणतं औषध मारू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात गच्चीवर वीसेक कुंड्या आहेत, गुलाब, जास्वंद, शेवंती, मोगरा, सदाफुली आणि दसऱ्यासाठी लावलेला झेंडू. पाऊस लागल्यापासून गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून पानं पिवळी होऊन गळतायत, शेवंतीची खालची पानं वाळतायत, जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय, दोन सदाफुल्या बघता बघता मेल्या. नर्सरीवाल्याने एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक दिलं, दोन्ही एकत्र करून सगळ्यांवर मारलं, फरक शून्य. आता कोणतं औषध मारू, आणि मेलेल्या झाडांची माती परत वापरू का?

औषधाकडे येतोच, पण आधी एक गोष्ट. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात चार वेगळे प्रकार आहेत आणि चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गुलाबावर एक बुरशी, शेवंतीवर दुसरी, जास्वंदीवर तर रोग नाहीच कीड आहे, आणि सदाफुली मातीतल्या पाण्याने मेलीय. म्हणून एकाच पंपातून सगळ्यांना एकच मिश्रण मारून काही होत नाही. मी पॉलिहाऊसमधला गुलाबही बघितलाय आणि घरच्या बागा तर कितीतरी, दोन्हीकडे पहिला प्रश्न सारखाच असतो, डाग पानाच्या वर आहे की खाली, नव्या पानावर आहे की जुन्या, आणि पान दिवसातनं किती वेळ ओलं राहतं. हे तीन कळलं की निम्म्याहून जास्त निदान झालं समजा.

गुलाबापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त त्रास त्याचाच असतो. काळे ठिपके म्हणजे ब्लॅक स्पॉट. खरा ब्लॅक स्पॉट ओळखायचा कसा, तर ठिपका पानाच्या वरच्या बाजूला असतो, गोलसर, आणि त्याची कड सरळ नसते, बारीक फाटल्यासारखी झालरीची असते. आजूबाजूचं पान पिवळं पडतं आणि मग अख्खं पान गळतं. सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते आणि वर चढत जाते, ऑगस्टपर्यंत वरती चार पानं आणि खाली नुसत्या काड्या अशी अवस्था होते. ह्या बुरशीचे बीजाणू वाऱ्याने फार उडत नाहीत, पाण्याच्या शिंतोड्याने उडतात, म्हणजे खाली पडलेल्या पानावर पावसाचा थेंब आपटला की तिथून उडून वरच्या पानावर. आणि रुजायला त्यांना पान सलग सातेक तास ओलं लागतं. आता जुलैमधल्या पुण्याच्या भुरभुर पावसात पान सात तास काय दोन दोन दिवस सुकत नाही, म्हणून हा रोग आपल्याकडे पावसाळ्याचाच.

हे कळलं की उपाय आपोआप कळतो. गळलेली पानं रोज उचलायची, कुंडीत एकही ठेवायचं नाही, कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत, सरळ कचऱ्यात. डाग असलेली खालची पानं हाताने खुडायची, पण झाड उघडं करू नका, एका वेळी फार तर एक तृतीयांश. कुंड्या भिंतीला चिकटून एकमेकींत घुसलेल्या असतील तर हातभर अंतर द्या, वारा खेळला पाहिजे. मातीवर दुसऱ्या निरोगी झाडांच्या वाळलेल्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन टाका, त्याने मातीवरचे शिंतोडे उडत नाहीत. आणि शक्य असेल तर दोन महिने गुलाब अशा जागी सरकवा जिथे ऊन येतं पण पाऊस थेट डोक्यावर पडत नाही, पत्र्याच्या किंवा सज्ज्याच्या कडेला. कोकणात आणि मुंबईत तर हे केल्याशिवाय कलमी गुलाब पावसाळ्यात धड ठेवताच येत नाही, तिथे मी लोकांना सांगतो की फवारणीचे पैसे वाचवा आणि आडोसा करा.

एवढं केल्यावर मग औषध. इथे एक समजून घ्या, बुरशीनाशकं दोन प्रकारची, स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही. स्पर्शजन्य म्हणजे मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड, ही पानावर थर करून बसतात आणि नवीन बीजाणू रुजू देत नाहीत. आधीच पडलेला डाग ती पुसत नाहीत. लोक फवारतात, चार दिवसांनी बघतात, डाग तसाच, म्हणतात औषध खोटं. डाग जाणारच नाही, बघायचं असतं ते नवीन पान स्वच्छ येतंय का. मॅन्कोझेब लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, पावसाची उघडीप बघून, पानाच्या दोन्ही बाजूंना, दहा-बारा दिवसांनी परत. आंतरप्रवाही म्हणजे हेक्साकोनॅझोलसारखी, लिटरला एक मिली, ही पानाच्या आत शिरतात आणि सुरुवातीची लागण थांबवू शकतात. पण तेच तेच औषध सारखं मारत राहिलात तर बुरशी सरावते, मग डोस वाढवूनही उपयोग नाही. म्हणून एकदा हे, पुढच्या वेळी ते, असं आलटून पालटून. डब्यावरच्या लेबलवर वेगळा डोस असेल तर लेबलचा खरा धरा, माझा नाही.

आता ह्याच्या बरोबर उलटा रोग म्हणजे भुरी. दिवाळी झाली, रात्री गार पडायला लागल्या, दिवसा कोरडं ऊन, की गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठावर पांढरी पावडर दिसायला लागते, पानं वाकडी होतात. सगळ्या बुरशींना ओलं पान लागतं असं धरून लोक पाणी तोडतात, पण भुरीला पान ओलं लागत नाही, उलट पानावर साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना मानवत नाही. त्यामुळे भुरी अगदी सुरुवातीला दिसली तर सकाळी लवकर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं धुणं हासुद्धा उपाय आहे, फक्त सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत झाड कोरडं होतं आणि ब्लॅक स्पॉटला संधी मिळत नाही. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले भुरीला चांगले ओळखतात, त्यांचं जुनं हत्यार गंधक, तेच गुलाबाला चालतं, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. दोन पथ्यं मात्र पाळा. पारा बत्तीस-तेहेतीसच्या वर असताना गंधक मारायचं नाही, पानं करपतात. आणि निमतेल मारलं असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक एकत्र आलं की पानं भाजतात.

दुधाचा उपाय विचारतात बरेच जण. तो भाकड नाहीये, ब्राझीलमध्ये १९९९ साली भोपळावर्गातल्या पिकाच्या भुरीवर दूध-पाण्याचा प्रयोग छापून आला होता आणि त्यात भुरी खरंच कमी झाली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, भर उन्हात फवारायचं, आठवड्यातून एकदा. लवकर सुरू केलं तर भुरीवर ठीक काम करतं. पण ब्लॅक स्पॉटवर दूध मारून बसू नका, तिथे त्याचा भरवसा नाही. सोड्याचं म्हणाल तर खायचा सोडा सारखा मारला की मातीत सोडियम साठतं, कुंडीतल्या झाडाला ते बाधतं, मी वापरत नाही.

तिसरा गुलाबाचा रोग आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण बाकीच्यात पानं जातात, ह्यात झाड जातं. डायबॅक, काही जण शेंडेमर म्हणतात. फांदी शेंड्याकडून काळी-तपकिरी होत खाली उतरते, कलमाच्या जोडापर्यंत पोचली की संपलं. हा बहुतेक वेळा कात्रीच्या जखमेतून शिरतो. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये होते, त्या वेळी हवा अजून दमट असेल, कात्री बोथट असेल, काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर नवी फूट येते त्या जागेच्या, फार वर घेतला असेल तर उरलेलं खुंट मरतं आणि बुरशी तिथून खाली जाते. म्हणून काप बाहेरच्या डोळ्याच्या जेमतेम पाव इंच वर, तिरका. काळी फांदी कापताना आतला गाभा बघायचा, तपकिरी दिसतोय तोपर्यंत खाली खाली कापत जायचं, स्वच्छ पांढरट-हिरवा गाभा लागला की थांबायचं. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसायची, हे कंटाळवाणं आहे पण एका झाडाचा डायबॅक दहा झाडांना आपण स्वतःच कात्रीने वाटतो.

कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावा. घरी करता येते, शंभर ग्रॅम मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत, धातूचं भांडं अजिबात नको. चुन्याचं पाणी थंड झालं की मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतत ढवळायचं. मग एक लोखंडी खिळा बुडवून बघायचा, खिळ्यावर तांबूस थर आला तर आम्ल जास्त आहे, अजून चुना घाला. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८०च्या दशकात द्राक्षाच्या केवडा नावाच्या बुरशीजन्य रोगावर सापडलं, आणि अजून त्याला तोड नाही. फवारणीचं मिश्रण म्हणजे एक टक्का, दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना लिटरभर पाण्यात, पण ते गुलाबाच्या कोवळ्या पानांवर ढगाळ ओल्या हवेत मारू नका, तांबं पान जाळतं. छाटणीनंतर नुसत्या काड्या असताना मारा. आणि केलेलं त्याच दिवशी संपवा, शिळं चालत नाही.

केवडा म्हणजे डाऊनी हा मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांची झोप उडवणारा रोग, गच्चीवर कमी दिसतो. पानावर जांभळट-तपकिरी कोनाकोनाचे डाग आणि पानं पटापट गळणं, असं दिसलं तर तो असू शकतो, त्याला भुरीची औषधं लागू पडत नाहीत.

शेवंतीकडे. खालची पानं वाळतायत, वाळायच्या आधी त्यावर काळपट-तपकिरी डाग येतात, आणि वाळलेली पानं न गळता खोडाला लोंबत राहतात, बरोबर? हा पानांवरचा ठिपका, शेवंती पावसात दाट वाढली की येणारच. उपाय गुलाबासारखाच, खालची पाच-सहा इंचाची पानं काढून खोड मोकळं करा, पाणी झारीने वरून घालायचं बंद, बुडात घाला, मॅन्कोझेबच्या दोन फवारण्या. फक्त पुढच्या वर्षीसाठी मुनवे, म्हणजे बुडातून फुटणारी पिल्लं, काढाल तेव्हा ह्या झाडांचे काढू नका, ज्या झाडाला सगळ्यात कमी डाग होते त्याचेच घ्या. हे छोटं वाटतं पण शेवंतीचा रोग मुनव्यांबरोबरच वर्षानुवर्षं घरात राहतो. आणि जर एखादी शेवंती दुपारी एका बाजूने मान टाकतेय, माती ओली असूनही, तर तो मर रोग आहे, ती काढूनच टाका.

झेंडूचं थोडक्यात. सप्टेंबरमध्ये पानांवर आणि फुलाच्या खालच्या हिरव्या भागावर तपकिरी-जांभळट डाग म्हणजे करपा. दसऱ्याच्या घाईत लोक एका कुंडीत चार रोपं लावतात, तिथेच गणित चुकतं, बारा इंची कुंडीत एकच. जुनी फुलं पावसात कुजून राखाडी बुरशी धरतात, ती वेळेवर तोडा.

जास्वंदीवरचं कापसासारखं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. बुरशी नाही, बुरशीनाशक त्यावर कितीही मारा, उपयोग नाही. आधी मुंग्या बघा, खोडावर मुंग्यांची रांग असेलच. ढेकूण गोड चिकट स्राव सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याला राखतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊनही ठेवतात. त्याच चिकट्यावर मग काळी काजळी बुरशी वाढते आणि लोकांना वाटतं आता पानं काळी पडायचा नवीन रोग आला. काजळी पान खात नाही, ढेकूण गेला की तीही जाते. तर, जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, कोनाकोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा, मग निमतेल लिटरला पाच मिली आणि एक मिली लिक्विड साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. त्याचं मेणचट कवच औषध आत जाऊ देत नाही म्हणून साबण हवाच आणि एका फवारणीत तो संपत नाही. कुंडी भिंतीला, तारेला टेकलेली असेल तर दूर करा, नाहीतर मुंग्या परत येतात.

एक विनंती मात्र आहे. ढेकणांच्या घोळक्यात त्यांच्यासारखाच पांढरा पण आकाराने मोठा, लांब लांब मेणाच्या झिपऱ्या असलेला आणि भराभर चालणारा प्राणी दिसला तर त्याला मारू नका. तो एका ढालकिड्याची अळी आहे, क्रिप्टोलिमस नावाचा, आणि ती ढेकूणच खाते. द्राक्षबागांत हे किडे मुद्दाम विकत आणून सोडतात. तुमच्याकडे ते फुकट आले असतील तर फवारणी थांबवा आणि त्यांना काम करू द्या, खरंच.

सदाफुली मेली ती मूळकूज आणि खोडकूज. पावसात दोन दिवस कुंडीत पाणी तुंबलं की मातीतल्या पाणबुरशी मुळं आणि बुंधा कुजवतात, वरून पान लोंबतं, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून घालतात. उपटून बघा, मूळ पांढरं असायला हवं, कुजलेलं तपकिरी असतं आणि बोटाने ओढलं की साल सुटून येते. नर्सरीतून आलेली रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात, तो गोळा तसाच कुंडीत ठेवला की भोवतीची माती कितीही छान असली तरी आत चिखलच राहतो, म्हणून लावताना तो हलक्या हाताने सोडवा. कुंडी विटांवर उचलून ठेवा, खालचं भोक गच्चीच्या फरशीला चिकटलेलं असतं हे कोणी बघत नाही. मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून घालायचं ते आधी, रोप लावताना, मेल्यावर नाही. आणि बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे त्याचं पाणी मुळाशी ओतणं, आणि ट्रायकोडर्मा एकाच आठवड्यात नको, ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, मरेल ती.

सदाफुलीची अजून एक खूण सांगतो, फुलं गुलाबी व्हायच्या ऐवजी हिरवी, पानासारखी यायला लागली आणि पानं बारीक झुपकेदार झाली तर तो तुडतुड्यांनी पसरवलेला रोग आहे, औषध नाही, त्याच दिवशी उपटा. जास्वंदीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पानं आखडली तर बहुतेक पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, तिथेही तेच. गुलाबावर मात्र पिवळ्या नागमोडी रेघा दिसल्या तर घाबरून झाड टाकू नका, तो मोझॅक नावाचा व्हायरस कलम करताना येतो, शेजारच्या झाडाला सहसा जात नाही, फक्त त्याची काडी लावू नका.

मोगऱ्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे तुम्ही विचारलं नाहीत पण वीस कुंड्या आणि बोअरचं पाणी असेल तर आज ना उद्या दिसेलच. रोग नाही, जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करा, पावसाचं पाणी साठवून घाला.

नर्सरीवाल्याने दिलेली दोन औषधं एकत्र केलीत ते परत करू नका. कुठलं कशाबरोबर चालतं हे लेबलवर असतं, नसेल तर वेगवेगळं मारायचं. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा, लाल म्हणजे अतिविषारी, तो गच्चीवर आणायचाच नाही, खाली मुलं खेळतात, शेजारच्यांचे कपडे वाळत असतात. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधेने शेतकरी दगावले, ही औषधं किती गंभीर आहेत ते तिथे सगळ्यांनी पाहिलं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारायचं नाही. मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. आणि देशी गुलाबाचा गुलकंद करत असाल किंवा जास्वंदीचा चहा पीत असाल तर त्या कुंड्यांना खूणचिठ्ठी बांधा आणि त्यांना रासायनिक काही मारूच नका.

तरीही ओळख पटत नसेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना दाखवा. पूर्ण सुकलेलं पान नेऊ नका, अर्धं रोगट अर्धं हिरवं असं न्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं. मूळकूज असेल तर मुळासकट, थोडी माती ठेवून.

राहिली मेलेल्या सदाफुलीची माती. आत्ता पावसात ती दुसऱ्या कशालाही वापरू नका, मुळांचे तुकडे वेचून गोणीत भरून आडोशाला ठेवा. एप्रिलमध्ये गच्चीवर पसरून, चार-पाच इंचांचा थर, ओली करून पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाकायची. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, ऊन आत जाऊन माती तापली पाहिजे. चार ते सहा आठवडे तशीच. मग उघडून शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळा, थोडी ओल ठेवून पंधरा दिवस सावलीत मुरू द्या. नंतर वापरायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षी त्यात सदाफुली लावू नका, झेंडू लावा.